क्यूच्या टोकावरचे चामडे

हुपरीच्या पेढीवर चांदी घेताना आधी टंच पाहिला जातो, घडणावळ नंतर ठरते. तोच व्यापारी पूल खेळणाऱ्या मुलासाठी क्यू घेताना मात्र नक्षीदार मूठ पाहून पैसे मोजतो. वास्तविक खेळ ठरतो तो काठीच्या पुढच्या भागात, म्हणजे शाफ्टमध्ये आणि त्याच्या टोकावरील टिपमध्ये. जैन घरापुढचा खरा प्रश्नही तेथेच उभा राहतो, कारण टिप बहुधा चामड्याची असते. अनेक नामांकित टिपा तर डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या असतात. काही म्हशीच्या कातड्याच्या. पाकिटावर बहुतेक वेळा मऊ, मध्यम, कठीण एवढेच छापलेले असते. विचारल्याखेरीज दुकानदारही सांगत नाही.

या खेळाचा इतिहासही निष्पाप नाही. एकेकाळी बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. सुळे महाग झाले, तेव्हा अमेरिकेतील एका बिलियर्ड व्यावसायिकाने पर्यायासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि त्या शोधातून 1870 च्या सुमारास जॉन वेस्ली हयात यांचे सेल्युलॉइड पुढे आले. हेतू दयेचा नव्हता, खर्चाचा होता. तरी हस्तिदंताला पर्याय शोधला गेला तो त्यामुळेच. आज चेंडू फेनॉलिक रेझिनचे असतात आणि हस्तिदंताची उणीव कोणालाही भासत नाही.

चामड्याचे तसे अद्याप झालेले नाही, हे मान्य केले पाहिजे. चामडे खडू धरून ठेवते आणि आघाताच्या क्षणी किंचित दबते; त्यामुळे पांढऱ्या चेंडूला फिरकी देता येते. फेनॉलिकची टणक टिप पहिला फटका जोरात फोडण्यास उत्तम, परंतु तिच्यावर खडू टिकत नाही आणि नाजूक फटक्यात ती घसरते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत टिप चामड्याची किंवा अन्य तंतुमय वा लवचीक द्रव्याची असावी, असे म्हटले आहे. म्हणजे चामडे सक्तीचे नाही. कृत्रिम तंतूंची टिप मिळत असल्यास ती मागावी आणि द्रव्य कोणते ते बिलावर लिहून घ्यावे. नवशिक्याला तीव्र फिरकीची गरजच नसते; सरळ फटका बसू लागेपर्यंत मध्यम कठीणपणाची चामडेविरहित टिप पुरेशी आहे.

आता शाफ्ट. पूलचा चेंडू 57 मिलिमीटरचा, त्यास 12 ते 13 मिलिमीटरचे टोक शोभते. स्नूकरचा चेंडू लहान, म्हणून त्याची टिप साधारण साडेनऊ मिलिमीटरची. कडेला फटका मारल्यास चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित बाजूला सरकतो. टोकाचे वजन जितके कमी, तितके हे सरकणे कमी; ‘लो डिफ्लेक्शन’ शाफ्ट महाग असतो तो याचसाठी. ज्याला कडेचा फटका क्वचितच लागतो, त्याने साधा मेपल घ्यावा. बराच अंतरापर्यंत एकसारख्या जाडीचा शाफ्ट बोटांतून सुरळीत सरकतो. हळूहळू जाड होत जाणारा अधिक ताठ लागतो. हे हातात घेऊनच कळते.

कोल्हापूरकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि भिंतीला टेकवून ठेवलेली काठी वाकते. कार्बन फायबरला ही भीती नाही, मात्र किंमत कितीतरी पट अधिक, आणि त्यावरही टिप बहुधा चामड्याचीच येते. जुनी क्यू घेताना टिपखालची पांढरी फेरूल हस्तिदंताची नाही ना, हे पाहावे. मुठीवरील वेष्टन चामड्याऐवजी लिननचे मागता येते. (टेबलावरचे कापड लोकरीचे असते, त्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या घरी.)

पैसे देण्यापूर्वी शाफ्ट सुटा करून सपाट टेबलावर लोळवावा. टोक वरखाली उडत असेल, तर मूठ कितीही देखणी असो, तो परत करावा.