मोटारीचा उंबरठा

जालना हे लोखंडाचे गाव. येथील भट्ट्या आणि रोलिंग मिलमधून निघालेली सळई दूरवर जाते. १७२५ साली बांधलेल्या गढीचे नाव मिरविणाऱ्या मस्तगडच्या व्यापारी कुटुंबांना गंज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पावसात भिजलेल्या सळईवरचा तांबूस थर पाहून ते विचलित होत नाहीत, कारण बारा मिलिमीटरच्या सळईचे तेवढ्याने काही बिघडत नाही. मात्र दारात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो आतून-बाहेरून झिजतो. तेथे हाच निर्धास्तपणा महागात पडतो.

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी म्हणजे सिल. मोटारीचा उंबरठाच म्हणावा. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. भार तोलण्याचे आणि बाजूने धडक बसल्यास ती सोसण्याचे मोठे काम हा उंबरठा करतो. चाक बदलताना जॅकही त्याच्याच ठरलेल्या जागी लागतो. काही मोटारींत तेथे प्लास्टिक वा रबराचा ठोकळा बसविलेला असतो; इतरांत पत्र्याच्या खालच्या जोडपट्टीवर दोन खाचांनी जागा दाखविलेली असते. जॅक त्याबाहेर लावला की पट्टी वाकते, रंग तडकतो, आणि गंजाला वाट मिळते.

ठोकळा निघाला किंवा फुटला असेल तर नुसता नवा ठोकून बसविणे व्यर्थ. मागच्या बैठकीत चिखल आणि ओल साचलेली असते. ती धुऊन पूर्ण वाळवावी, तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासावे. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण लावले की तो काळपट, स्थिर थरात बदलतो. मग प्राइमर, रंग, आणि तो सुकल्यावर मेणाचा पातळ हात देऊन, त्याच मॉडेलचा ठोकळा खटकन बसेपर्यंत दाबावा.

पोकळीच्या आतला गंज दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. सिलच्या तळाला पाणी निचरण्याची छिद्रे असतात. माती, धान्याचा कोंडा यांनी ती बुजतात आणि पाणी आतच राहते. बारीक तारेने ती मोकळी करावीत व लांब नळीने आत पातळ मेण फवारून घ्यावे. फवारणीनंतर छिद्रे पुन्हा तपासावीत, नाहीतर मेणच त्यांना बूच लावते. हे काम वैशाखाच्या उन्हात, चातुर्मास लागण्यापूर्वी उरकलेले बरे.

गंज न काढता वरून जाड काळा थर फासून देणारे पुष्कळ असतात. बुडीत कर्जाला नवे कर्ज देऊन खाते नियमित दाखविण्याचाच हा प्रकार. ओल आत कोंडली जाते आणि पत्रा झाकल्या जागी झिजत राहतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. टणक आवाजाऐवजी भुसभुशीत आवाज आला किंवा पापुद्रे गळू लागले, तर तेथे पुट्टीचा उपयोग नाही. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. जुनी मोटार घेतानाही हीच परीक्षा करावी.

कारण अशा सिलखाली जॅक लावला तर तो पत्रा फोडून वर घुसतो आणि गाडी खाली येते. त्या वेळी खाली बहुधा घरचा मुलगा, चालक किंवा टायरच्या दुकानातील पोऱ्या असतो. म्हणून गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावूनच उचलावी. केवळ जॅकच्या आधारावर खाली शिरू नये. भक्कम घोडी हवीच. आणि टायरवाल्याकडे गेल्यावर मालकाने गाडीतून उतरून जॅकची खरी जागा बोटाने दाखवावी. घाईत ट्रॉली जॅक बहुधा हाताला येईल तेथेच सरकविला जातो.