इंटरनेट बंद पडले? आधी दोष कुठे आहे ते ओळखा

संगणकावर इंटरनेट येईनासे झाले, की मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायवर चालतो का ते पाहा. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. फायबरच्या राउटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत पोहोचत नाही. वायर कुठे मुडपली किंवा निघाली नाही ना ते बघा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवा. लाल दिवा नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करा.

मोबाइल चालतो, पण संगणक नाही? मग सेटिंग्जमध्ये संगणकाचा आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडा. पत्ता योग्य असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएस तपासा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी ही सेवा आहे. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस टाकून बघा. जुन्या संगणकाची तारीख-वेळही जरूर पाहा. ती फार चुकलेली असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.