परविचारांचा आधार आणि वाङ्मयचौर्य : संशोधनलेखनातील मर्यादारेषा

प्रस्तावना

कोणताही संशोधक आपल्या विषयाकडे वळतो, तेव्हा त्या विषयावर आधी कोणीतरी विचार केलेला असतो, साधने जमविलेली असतात, मते मांडलेली असतात. पूर्वसूरींचे ऋण घेतल्याशिवाय नवे लेखन उभे राहत नाही. म्हणूनच प्रश्न ऋण घ्यावे की घेऊ नये हा नसून ते कसे घ्यावे आणि कसे मान्य करावे हा आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या बाबतीत या प्रश्नाला दोन बाजू आहेत. तो स्वतः लेखक असतो आणि विद्यार्थ्यांच्या लेखनाचा मार्गदर्शक व परीक्षकही असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले. त्यानंतर शोधनिबंधांची संख्या हा अनेकांच्या चिंतेचा विषय झाला. घाईने लिहिलेल्या निबंधात दुसऱ्याचा विचार कोठे संपतो आणि स्वतःचा कोठे सुरू होतो, ही सीमा पुसट होते. यामागे प्रत्येक वेळी अप्रामाणिकपणाच असतो असे नाही. पुष्कळदा लेखनपद्धतीचे अज्ञान हेही कारण असते. प्रस्तुत लेखात ही सीमारेषा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. वाङ्मयचौर्य आणि स्वामित्वहक्काचा भंग यांतील भेद स्पष्ट करणे.
२. परविचारांच्या प्रामाणिक वापराचे स्वरूप उदाहरणांच्या आधारे समजून घेणे.
३. मराठीतून होणाऱ्या संशोधनलेखनातील विशेष अडचणींचा विचार करणे.

कायदा आणि नीती

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ हा कल्पनेला नव्हे, तर कल्पनेच्या अभिव्यक्तीला संरक्षण देतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. त्यावरून ‘कल्पना कोणाच्याच मालकीची नसते, मग ती घेतल्यास चोरी कशी?’ असा युक्तिवाद केला जातो. ज्ञानक्षेत्रात तो टिकत नाही. आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांतील व्याख्येनुसार दुसऱ्याचे कार्य किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य होय. येथे कल्पनेचा उल्लेख स्वतंत्रपणे आला आहे.

या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत. महात्मा जोतीराव फुले यांचे निधन १८९० साली झाले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे त्यांचे ग्रंथ आज कोणीही छापू शकतो. तरीही त्यांचा एखादा युक्तिवाद त्यांचे नाव न घेता स्वतःचा म्हणून मांडला, तर ते वाङ्मयचौर्यच ठरेल. उलट, हयात लेखकाचे संपूर्ण पुस्तक त्याच्या नावासह पण अनुमतीविना छापले, तर स्वामित्वहक्काचा भंग होईल, वाङ्मयचौर्य नव्हे. कायदा हक्कधारकाचे हित पाहतो; संशोधनाची नीती त्याबरोबर वाचकाचेही हित पाहते. हा विचार कोठून आला आणि तो तपासायचा झाल्यास कोठे जावे, हे वाचकाला कळले पाहिजे.

साहित्यशास्त्रातील विचार

हा प्रश्न पाश्चात्त्य विद्यापीठांबरोबर आपल्याकडे आला, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या रचनांत आढळणाऱ्या साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन माणसांच्या शरीरांतील साम्यासारखे. पहिल्या दोहोंना तो त्याज्य मानतो. तिसऱ्याला मानत नाही, कारण दोन देह सारखे दिसले तरी प्रत्येकाचा प्राण वेगळा असतो. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांची सविस्तर चर्चा केली. शब्द उचलणे आणि अर्थ उचलणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या काढून तपासल्या, हे आजच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. याच ग्रंथात तो अवंतीसुंदरीची मते तिच्या नावानिशी नोंदवितो.

ही चर्चा काव्याची आहे, संशोधनाची नाही. त्यामुळे ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. मात्र साम्य असणे हा दोष नसून स्वतःचा प्राण नसणे हा दोष आहे, हे सूत्र संशोधनलेखनालाही उपयोगी पडते.

एक आदर्श : १९१६ चा निबंध

दुसऱ्यांचे विचार कसे वापरावेत याचा उत्तम नमुना म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधाकडे पाहता येते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्रविषयक चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी तो वाचला गेला आणि १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी बाबासाहेब विद्यार्थी होते.

निबंधाच्या आरंभीच्या भागात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या प्रत्येकाच्या नावासह दिल्या आहेत. त्यानंतर प्रत्येकीची परीक्षा होते. सेनार यांनी महत्त्व दिलेली विटाळाची कल्पना जातीचे मूलभूत लक्षण नाही, आणि नेसफिल्ड यांनी परिणामालाच कारण मानले, असे दाखविले आहे. केतकरांच्या व्याख्येचे मोल मान्य केले आहे, कारण त्यांनी जातीचा विचार जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला. तथापि केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेरील विवाहास बंदी, ही वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हेही दाखवून दिले आहे. येथून पुढे अंतर्विवाह हेच जातीचे सारभूत लक्षण होय, हा स्वतःचा सिद्धांत मांडला जातो.

निबंधाच्या उत्तरार्धात गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम त्यांच्या नावाने घेतले आहेत आणि ते भारतीय जातींच्या प्रसाराला लावून पाहिले आहेत. नियम टार्ड यांचा, उपयोजन बाबासाहेबांचे. वाचकाच्या मनात याविषयी कोठेही संदिग्धता राहत नाही. विशेष म्हणजे, पूर्वसूरींची नावे घेतल्याने या निबंधाची मौलिकता कमी झाली नाही. चार व्याख्या समोर ठेवल्या म्हणूनच पाचवी किती वेगळी आहे हे दिसले. संदर्भ दिल्यास आपले लेखन उसने वाटेल, अशी भीती अनेक नवोदित लेखकांना असते. तिला या निबंधात उत्तर आहे.

ठिगळलेखन

शब्दशः उतरवून घेणे हा चौर्याचा उघड प्रकार आहे. अधिक आढळतो तो दुसरा प्रकार: मूळ वाक्याची रचना तशीच ठेवून शब्दांऐवजी समानार्थी शब्द बसविणे. इंग्रजीत यासाठी रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात ‘पॅचरायटिंग’ ही संज्ञा रूढ केली; मराठीत त्यास ठिगळलेखन म्हणता येईल. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मूळ ग्रंथातील विधान असे आहे:

‘हंगामी स्थलांतरामुळे ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण केवळ काही महिने थांबत नाही, शाळेशी असलेले त्यांचे नातेच सैल होते आणि तीच मुले पुढे कोयता हाती घेतात.’

एखादा विद्यार्थी लिहितो: ‘मोसमी स्थलांतरामुळे ऊसतोड मजुरांच्या पाल्यांचे शिक्षण फक्त काही महिने खंडित होत नाही, शाळेसोबतचा त्यांचा संबंधच ढिला होतो व हीच मुले नंतर कोयता उचलतात.’ येथे बहुतेक शब्द बदलले, पण विचार, क्रम आणि वाक्याची घडण मूळ लेखकाचीच राहिली. शेवटी संदर्भ दिला तरी दोष पूर्णपणे जात नाही, कारण ही वाक्यरचना विद्यार्थ्याची आहे असाच वाचकाचा समज होतो.

प्रामाणिक मांडणी अशी करता येईल: ‘स्थलांतराचा परिणाम केवळ गैरहजेरीच्या दिवसांवरून मोजणे अपुरे आहे, असे अमुक लेखकाच्या विवेचनावरून दिसते (वर्ष, पृष्ठ), त्यांच्या मते खरे नुकसान मुलाच्या शाळेशी असलेल्या नात्याचे होते. आजीआजोबांजवळ गावीच राहिलेल्या मुलांच्या बाबतीत हे कितपत खरे आहे, हे प्रस्तुत अभ्यासात तपासले आहे.’ येथे विचाराचा मालक कोण हे आरंभीच कळते, आशय संशोधकाने स्वतःच्या भाषेत पचवून मांडला आहे आणि त्यापुढे स्वतःचा प्रश्न उभा केला आहे.

मराठी लेखनातील विशेष अडचणी

पहिली अडचण भाषांतराची आहे. इंग्रजी किंवा हिंदी ग्रंथातील परिच्छेद मराठीत आणला की शब्द आपले झाले, असा समज आढळतो. भाषांतराचे श्रम भाषांतरकाराचे असतात. विचार मूळ लेखकाचाच राहतो. भाषांतरित अवतरणालाही अवतरणचिन्हे, मूळ संदर्भ आणि ‘भाषांतर प्रस्तुत लेखकाचे’ अशी नोंद आवश्यक आहे.

दुसरी अडचण दुय्यम स्रोताची. मॅक्स वेबर यांचे मत एखाद्या मराठी ग्रंथातून घ्यायचे आणि संदर्भ मात्र वेबर यांच्या मूळ ग्रंथाचा द्यायचा, ही प्रथा रुळली आहे. यात ज्या मराठी लेखकाने ते मत शोधून, समजून मराठीत आणले त्याचे श्रम नाहीसे होतात. शिवाय त्याची एखादी चूक झाली असल्यास ती पुढे जात राहते. मूळ ग्रंथ पाहिला नसल्यास ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

तिसरी अडचण मौखिक स्रोतांची. जात्यावरच्या ओव्या, बोलीतील शब्द, शेतीचे पारंपरिक ज्ञान यांवरील संशोधनात ज्यांनी ते ज्ञान दिले त्यांचा उल्लेख ‘काही स्त्रियांनी सांगितले’ एवढ्यावर आटोपला जातो. त्या व्यक्तीची संमती असल्यास नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख नोंदविली पाहिजे. जिच्या नावे एकही ग्रंथ नाही, तिचे ऋण तर संशोधकाच्या नोंदीवाचून कोठेच उरत नाही.

टक्केवारीची मर्यादा

२०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई होते आणि साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. शिक्षकांच्या लेखनासाठीही वेतनवाढ रोखणे व मार्गदर्शनास मनाई यांसारख्या तरतुदी आहेत. स्वतःचेच पूर्वप्रकाशित लेखन संदर्भाविना पुन्हा छापण्यास आयोगाने २०२० च्या सूचनेद्वारे अमान्य ठरविले आहे.

हे नियम आवश्यक आहेत; परंतु संगणकप्रणाली शब्दांचे साम्य मोजते, चौर्य ओळखत नाही. योग्य संदर्भासह दिलेली दीर्घ अवतरणे प्रणाली दाखवू शकते आणि इंग्रजीतून गुपचूप भाषांतरित केलेले प्रकरण तिच्या नजरेतून सुटू शकते. ‘नऊ टक्के’ या अहवालाचा अर्थ ‘प्रबंध प्रामाणिक आहे’ असा होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ही अडचण वाढविली आहे. त्यांनी तयार केलेल्या मजकुराचे साम्य अल्प असू शकते आणि त्यातील संदर्भ अस्तित्वात नसलेलेही असू शकतात. म्हणून अंतिम पारख वाचणाऱ्या मार्गदर्शकाचीच राहते.

काही पथ्ये

१. टिपणे काढतानाच अवतरण, सारांश आणि स्वतःचे मत यांसाठी वेगळ्या खुणा ठेवाव्यात. पृष्ठक्रमांक त्याच वेळी लिहावा.
२. सारांश लिहिताना मूळ ग्रंथ मिटून ठेवावा आणि लिहून झाल्यावर मुळाशी ताडून पाहावा.
३. लेखकाचे नाव विचाराच्या आरंभी घ्यावे; परिच्छेदाच्या शेवटी दिलेल्या एका संदर्भावर सारा भार टाकू नये.
४. सर्वज्ञात गोष्टींना संदर्भाची गरज नसते. शंका असल्यास मात्र संदर्भ द्यावा.
५. प्रत्येक अवतरणानंतर त्याविषयी आपले म्हणणे काय, हे लिहावे.

निष्कर्ष

वाङ्मयचौर्य टाळणे हे दंड चुकविण्याचे तंत्र नाही. दुसऱ्याचा विचार त्याच्या नावाने मांडणाऱ्या लेखकाला आपले वेगळे म्हणणे काय, हे सांगणे भाग पडते, आणि तेथेच संशोधन सुरू होते. विद्यार्थी हे नियमपुस्तकातून जितके शिकतो, त्याहून अधिक आपल्या प्राध्यापकाच्या लेखनातून शिकतो. वर्गात दिलेल्या टिपणांखालीही स्रोत लिहिण्याची सवय शिक्षकाने लावून घेतली, तर प्रबंधाच्या वेळी ती विद्यार्थ्याला वेगळी शिकवावी लागणार नाही.