वेठ आणि बिगार: एका जोडशब्दाची गोष्ट

बांधकामावर रोजीने येणाऱ्या मजुराला आपण सहज ‘बिगारी’ म्हणतो. गंमत बघा, बिगार म्हणजे मुळात मजुरी न देता, सक्तीने करवून घेतलेलं काम! हा शब्द फारसीतून आला. ‘वेठ’ त्याहून जुना. संस्कृतातल्या ‘विष्टि’पासून आलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विष्टि आहे. दोन्हींचा अर्थ एकच. ‘कागदपत्र’मध्ये फारसी आणि संस्कृत जोडले गेले, तसाच ‘वेठबिगार’ झाला. राज्यं बदलली, भाषा बदलली, फुकटचं काम मात्र राहिलं.

इंग्रजीत गुलामासाठी ‘थ्रॉल’ हा जुना शब्द आहे, तोही उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आलेला. त्यावरून झालेल्या ‘एन्थ्रॉल’चा अर्थ आज मंत्रमुग्ध करणे! आपल्याकडे उलटं झालं. संप झाला की ‘कामगारांनी शहराला वेठीस धरलं’ असं आपण म्हणतो. ज्याला वेठीला धरत होते, तोच आता धरणारा ठरला.

आरमोरीत बसून हे बोलण्याला कारण आहे. हा मुलूख जुन्या चांदा जिल्ह्यातला, जमीनदाऱ्यांचा आणि जंगलाचा. जमीनदारी 1951 मध्ये गेली. त्याआधीच, 26 जानेवारी 1950 ला अमलात आलेल्या संविधानाने कलम 23 मध्ये वेठबिगारीला मनाई केली. त्याच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवला आहे.

मग सालगडी वेठबिगार का? प्रत्येक जण नाही. पाडव्याला उचल घेऊन वर्षभराचं काम ठरवणं वेगळं. पण ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ असं बंधन आलं, की 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो. तसं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. ते कर्ज वेठीचं नाही, हे सावकाराने सिद्ध करायचं, मजुराने नव्हे. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी.

म्हणजे साखळदंड शोधायची गरज नाही. दोनच प्रश्न विचारू: हा माणूस उद्या काम सोडून जाऊ शकतो का? त्याला किमान वेतन मिळतं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर तो शब्द अजून जुना झालेला नाही. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. सोडवणुकीची जबाबदारी कायद्याने त्यांची आहे.