बाभळीच्या रानातला छोटा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर घ्यायचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती एचपी? बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. तिथे हा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी विचारायचो. आधी पाहायचे ते हे की, ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालणार? हजार तासांच्या आसपास काम दिसले तर हप्ते सुखाने फिटतात, असा हिशेब असे. घरच्या रानात तेवढे काम नसेल तर भाड्याने कुठे चालवणार, तेही अर्जदाराने सांगायचे.

हल्ली मला ट्रॅक्टरचे विचारतात ती माणसे निराळी असतात. शिरूर-दौंडकडची वडिलोपार्जित सात-आठ एकर जमीन, भावंडे पुण्या-मुंबईला नोकरीत, आणि वीस-पंचवीस वर्षे रानात औत गेलेले नाही. मग त्यांतला एखादा निवृत्त होतो, सातबारा घेऊन गावी जातो, तर बांधसुद्धा सापडत नाही. जिकडे तिकडे वेडी बाभूळ. त्याच्या मनात येते, एक छोटासा ट्रॅक्टर घ्यावा, स्वतः चालवावा, रान मोकळे करावे, चार आंबे-चिंचा लावाव्यात. इच्छा उत्तम आहे. पण छोट्या ट्रॅक्टरने वाढलेली वेडी बाभूळ काढायला निघणे म्हणजे अडकित्ता घेऊन ऊसतोडीला निघण्यासारखे आहे.

ही बाभूळ मुळात इथली नव्हेच. अमेरिका खंडातून ती एकोणिसाव्या शतकात भारतात आली. दुष्काळी मुलखाला जळण मिळावे, उजाड माळ हिरवा दिसावा, म्हणून ठिकठिकाणी मुद्दाम लावली गेली. शेळ्या-मेंढ्या तिच्या गोड शेंगा खातात, बी न पचता लेंडीतून बाहेर पडते आणि जिथे पडते तिथे उगवते. दौंडकडे कालव्याच्या पाण्याने ज्या जमिनी चिबड आणि खारवट झाल्या, ऊससुद्धा येईनासा झाला, तिथे ती माजली. शिरूरच्या मुरमाड माळावर पाण्याचा टिपूस नाही, तिथेही माजली. वरून तोडली की बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात आणि दोन वर्षांत पहिल्यापेक्षा दाट जाळी होते. जमिनीखाली वीतभर तरी जाऊन मुळाचा गड्डा काढला, तरच ती मरते.

हे ठाऊक नसले की कोळशाच्या ठेकेदाराचा सौदा फार गोड वाटतो. लाकूड त्याचे, साफ झालेले रान आपले, पैसा कोणी कोणाला द्यायचा नाही. मग रानात भट्ट्या लागतात आणि त्यांवर राबायला बहुधा रायगडकडची कातकरी कुटुंबे येतात, अंगावर उचल घेऊन. कर्जखात्याचा उतारा मागता येतो. उचलीचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत असतो आणि ती वही कातकऱ्याच्या हाती कधी पडत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. आपल्या रानात कोण, कशाच्या बदल्यात राबते आहे, हे जमीनमालकाने सौद्याआधी विचारायलाच हवे. ते सोडले तरी हा सौदा फुकटचा नाही. ठेकेदाराला लाकूड हवे असते, गड्डा नको असतो. तो बुंधे ठेवून जातो.

तेव्हा मोठी बाभूळ काढायला जेसीबी तासावर बोलवावा, हे उत्तम. ते काम दिवसांच्या हिशेबाचे असते. पुढची दहा-वीस वर्षे रान राखायचे असते, त्यासाठी ट्रॅक्टर निवडायचा. हा फरक एकदा मनात पक्का झाला की दुकानदार काही का सांगेना, आपली फारशी फसगत होत नाही.

पण जेसीबी येण्याआधी उन्हाळ्यात, गवत वाळलेले असताना, गावातला एखादा जुना माणूस बरोबर घेऊन काठीने चाचपत रान पालथे घालावे. या भागात बिनकठड्याच्या जुन्या विहिरी पुष्कळ. काठावर बाभूळ वाढून वरून झाकल्या गेल्या की दहा हातांवरूनही दिसत नाहीत. दगडांच्या राशीत घोणस असते. आणि त्याच फेरीत कुठले झाड ठेवायचे त्याला चुन्याचा पट्टा ओढून घ्यावा. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, साग ही झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कायदा सांगत नाही म्हणून देशी बाभूळ मात्र सरसकट उखडू नये. जेसीबीवाल्याला दोन्ही बाभळी सारख्याच. देशी बाभळीच्या लाकडाची औते आणि गाड्यांची चाके होत, तिच्या शेंगांवर शेळ्या जगत, तिच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबत. त्यातही झाडणीसारखी सरळ उभी वाढणारी रामकाठी रानात असली तर तिला हात लावू देऊ नये. ती पिकावर सावली फारशी धरत नाही, म्हणून जुने शेतकरी तिला बांधावर मुद्दाम राखत.

शिरूरकडच्या लोकांना झाडी हटवायची घाई असते, त्याला आणखी एक कारण आहे. घोड नदीच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आता घराच्या अंगणापर्यंत येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला लागोपाठ माणसे दगावली, लहान मुले गेली, आणि लोक रस्त्यावर उतरले. घराभोवतीची आणि शाळेच्या वाटेवरची जाळी काढून तो पट्टा बारा महिने स्वच्छ ठेवणे, हे तिथे हौसेचे काम राहिलेले नाही. छोटा ट्रॅक्टर खरा उपयोगी पडतो तो इथे.

आता एचपी. बाजारात पंधरा एचपीपासून अठ्ठावीस एचपीपर्यंत छोटे ट्रॅक्टर आहेत. महिंद्राचा युवराज किंवा स्वराज ७१७ हे पंधराचे; जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार २४४१ हे चोवीसचे, चारही चाकांना जोर असलेले. जॉन डिअरचा कारखाना तर शिरूर तालुक्यातच, सणसवाडीला आहे. त्यांचा ३०२८ अठ्ठावीस एचपीचा. अवजार इंजिनाच्या एचपीवर चालत नाही, मागच्या पीटीओच्या दांड्यावर चालते, आणि तिथे पोचेपर्यंत पाचवा-सहावा हिस्सा कमी झालेला असतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद मोजून दिलेली असते. दुकानदाराकडे तो अहवाल मागावा. बहुतेक जण मागत नाहीत.

फळझाडांच्या ओळीत कोळपणी, फवारणी आणि लहान ट्रॉली एवढेच काम असेल तर पंधरा एचपी पुरतो. पण दरवर्षी पावसाळ्यानंतर गवत आणि अंगठ्याएवढे फुटवे मल्चरने कुटायचे असतील तर चोवीसच्या खाली जाऊ नये. दौंडच्या भीमाकाठच्या काळ्या रानात चारही चाकांना जोर असलेलाच घ्यावा. दोन चाकांचा हलका ट्रॅक्टर जून-जुलैत जागच्या जागी चाके फिरवत बसतो. शिरूरच्या माळावर प्रश्न दगडाचा. तिथे रोटाव्हेटरची पाती एका हंगामात झिजतात. दगड वेचायला चार मजूर लावले, तर तो खर्च पात्यांपेक्षा स्वस्त पडतो. आणि काटा दोन्हीकडे. फांद्या गोळा करून रान झाडून घेतल्याशिवाय नवा ट्रॅक्टर आत घालू नये, ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारा द्राव भरून घ्यावा, रेडिएटरपुढे जाळी बसवावी.

एका कामाला मात्र कितीही एचपी असले तरी नाही म्हणावे. राहिलेल्या बुंध्याला साखळी बांधून तो ट्रॅक्टरने ओढून काढायचा, हे गावोगाव चालते. साखळी खालच्या ड्रॉबारऐवजी वर कुठे अडकवली आणि बुंधा हलला नाही, तर मागची चाके जागीच रुततात, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबायला सवड मिळत नाही. चालकाच्या मागे उभी लोखंडी कमान असते ती याच क्षणासाठी. झाडांखाली ती फांद्यांना अडते म्हणून लोक काढून ठेवतात. घडीची कमान असलेला ट्रॅक्टर घ्यावा, फांद्यांपुरती ती खाली करावी, पुन्हा उभी करून पट्टा बांधावा. पीटीओ फिरत असताना जवळ पदर, उपरणे, मफलर नको. सुट्टीला आलेल्या नातवंडांना मडगार्डवर बसवून फेरी मारण्याचा मोह सगळ्या आजोबांना होतो. तो आवरावा.

पैशाचे बोलायचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. तरीही आठ एकरांच्या राखणीचे काम वर्षाला शंभर-सव्वाशे तासांच्या पुढे जाईल, असे मला वाटत नाही. हजार तासांच्या जुन्या हिशेबात ते बसत नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला आणि डिझेल-दुरुस्तीची वही एकाच घरात ठेवली, तर गोष्ट निराळी. एकट्याने कर्ज काढून घेण्यापेक्षा पहिली दोन वर्षे गावातलाच ट्रॅक्टर तासावर लावावा आणि किती तास लागले ते मांडून ठेवावे. तिसऱ्या वर्षी किती एचपी हा प्रश्न विचारायला आकडे हातात असतात.

दरम्यान पाऊस सुरू झाला की जुन्या शेंगांतले बी उगवायला लागते. वीतभर रोप ओल्या जमिनीतून मुळासकट हाताने निघते. दिवाळीपर्यंत थांबले तर निघत नाही. जाड कातडी हातमोजे, एक खुरपे आणि दर आठवड्याला सकाळचे दोन तास, श्रावण संपेपर्यंत.