कॅनव्हासवर छापलेले चित्र : रंग किती टिकणार?

दिवाणखान्यात सोफ्याच्या वर मोठे चित्र लावलेले असते. कापडाचा पोत दिसतो, चौकटीवर ताणलेला कॅनव्हास दिसतो. पाहुणे विचारतात, ‘कुणी काढलं हो?’ पण हे चित्र कुंचल्याने काढलेले नसते. ते संगणकावर तयार होते आणि छपाई यंत्र ते कॅनव्हासवर उतरवते.

छापील चित्रे आपल्याला नवी नाहीत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. आता दगडांचे काम संगणकातली एक फाइल करते.

गायकाचा छंद

हे तंत्र कलादालनात आणण्यात गायक ग्रॅहॅम नॅश याचा मोठा वाटा आहे. त्याला छायाचित्रणाचा छंद होता. ‘आयरिस’ हे यंत्र मुळात छापखान्यांसाठी बनले होते. मासिक छापण्यापूर्वी रंग कसे येतील, हे त्यावर प्रूफ काढून पाहत. फिरत्या ड्रमवर कागद गुंडाळायचा आणि त्यावर चार रंगांच्या शाईचे तुषार सोडायचे, अशी त्याची रीत. नॅशने सुमारे सव्वा लाख डॉलर मोजून ते घेतले. जाड कागद त्यात बसेना, तेव्हा त्याने व त्याचा सहकारी मॅक होल्बर्टने चक्क यंत्रातच काटछाट केली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ सुरू झाली. तिथल्याच जॅक डुगान याने या छपाईला ‘जिक्ले’ हे नाव दिले. त्याचे मूळ चिळकांडी उडवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे.

मात्र प्रुफाची शाई वर्षानुवर्षे टिकावी, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. ती विरघळणाऱ्या रंगांची होती. उजेडात टांगलेली सुरुवातीची काही चित्रे थोड्याच वर्षांत फिकी पडली. पुढे पिग्मेंट शाई आली. तिच्यातले रंगाचे सूक्ष्म कण न विरघळता पृष्ठभागावर बसतात आणि प्रकाशाला जास्त दाद देत नाहीत.

पैसे देण्यापूर्वी

म्हणून दुकानात पहिला प्रश्न शाईचा विचारावा. पिग्मेंट शाई, छपाईसाठी लेप दिलेला कॅनव्हास आणि वरून संरक्षक वॉर्निश असेल, तर चित्र टिकाऊ होते. आकाराचा हिशेबही करावा. इंचाला १५० ठिपके धरले, तर २० बाय ३० इंचांच्या चित्राला ३००० बाय ४५०० ठिपक्यांची फाइल लागते. आजोबांचा जुना फोटो मोठा करायचा असेल, तर मोबाइलवर आलेली प्रत देऊ नये. मूळ फोटोच स्कॅन करून घ्यावा. चौकटीवर दुमडण्यासाठी चारही बाजूंना दोन-तीन इंच जादा ठेवावेत, नाहीतर कडेचा चेहरा मागे वळतो. घरी आल्यावर थेट ऊन आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, दोन्ही टाळावे.

छापील चित्रावर रंगाचे चार फटकारे मारून ते हाताने काढलेले म्हणून विकणारेही भेटतात. चित्रावर भिंग धरले की शाईचे बारीक ठिपके दिसतात. छापील चित्र घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र ते छापील आहे, हे बिलावर लिहून घ्यावे आणि किंमतही छापील चित्राचीच द्यावी.