थंडीतली सायकल, घरातली साथ

डिसेंबरची पहाट. साडेचार वाजलेत. उशीखाली ठेवलेला मोबाइल थरथरतो आणि गजराचा आवाज होण्याआधीच तो बंद केला जातो. बायकोची झोप मोडू नये म्हणून अंधारातच मोजे शोधायचे, हेल्मेट आणि पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि दार हळूच ओढून घ्यायचे. साडेसातच्या आत परत यायचे आहे, कारण मुलीला शाळेत सोडायचे आहे. रायपूरमधल्या कितीतरी हौशी सायकलपटूंचा हिवाळा असाच सुरू होतो.

नोकरी, दुकान किंवा दवाखाना सांभाळून शर्यतीत उतरणाऱ्यांना बक्षिसाची फारशी आशा नसते. तरीही नोव्हेंबर उजाडला की पाय शिवशिवू लागतात. पण त्याच दिवसांत घरालाही आपली सर्वात जास्त गरज असते. हे दोन्ही जमवायचे कसे?

हिवाळाच का?

युरोपात थंडी पडली की बहुतेक सायकलपटू घरातल्या ट्रेनरवर पाय मारतात, नाहीतर चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींकडे वळतात. आपल्याकडे उलटे आहे. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो. लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चारच महिने.

पुण्याहून गोव्याला जाणारी सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर नोव्हेंबरमध्ये असते. ऑडॅक्स पद्धतीच्या बीआरएम राइडमध्ये पहिला नंबर नसतो, पण २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावे लागतात. त्यासाठीही थंडीच बरी.

नेमके याच काळात तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू होते. मुलांच्या सहामाही परीक्षा येतात. संक्रांतीचे हळदीकुंकू, नागपूर-पुण्याहून येणारे पाहुणे हेही आलेच. म्हणजे ओढाताण ठरलेलीच. तिचा विचार आधी केला तर रुसवेफुगवे कमी होतात.

खंड पडणारच

हौशी खेळाडूचे वेळापत्रक कधीच कागदावरच्यासारखे चालत नाही. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे लष्करातील डॉक्टर. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ २०१६ मध्ये त्यांना पूर्ण करता आली नाही. ते पुढच्याच वर्षी पुन्हा गेले आणि १२ दिवसांच्या मुदतीत पोहोचले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ही शर्यत पूर्ण केली. एकट्याने ती पूर्ण करणारे हे पहिले दोन भारतीय.

आपली शर्यत इतकी मोठी नसते, पण अडचणी ओळखीच्या असतात. पावसाळा संपता संपता डेंग्यू किंवा चिकुनगुनिया गाठतो. आईला दवाखान्यात ठेवावे लागते. ऑफिसात वर्षअखेरीचे काम साठते. पंधरा दिवस सायकल भिंतीला टेकून राहते आणि सगळी मेहनत वाया गेली असे वाटू लागते.

तसे होत नाही. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने दम फारसा कमी होत नाही. तीन-चार आठवड्यांनी फरक जाणवतो, पण आधी कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. खरा धोका असतो तो राहिलेले किलोमीटर एका आठवड्यात भरून काढण्याच्या घाईत.

यासाठी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

• फक्त नाक गळत असेल तर हलकी फेरी चालते. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर सायकलला हात लावू नका.

• डेंग्यूनंतर थकवा काही आठवडे टिकू शकतो आणि चिकुनगुनियात सांधे महिनोन्महिने दुखू शकतात. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

• सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल तर तो दिवस विश्रांतीचा समजा.

• गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर बहुधा वर आहे. दुकानात जाऊन ती नीट लावून घ्या. तरीही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

घर हीच टीम

लांबच्या शर्यतींत खेळाडूच्या मागे गाडी असते. कधी खायचे, कधी झोपायचे हे त्या गाडीतली माणसे ठरवतात. नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या टीमची प्रमुख होती त्यांची बहीण सपना. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तर २०१५ मध्ये दोघांच्या गटात आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत ती पार केली होती.

आपल्या घरातही अशी टीम असतेच, फक्त तिला कोणी विचारलेले नसते. पहाटेची राइड शक्य होते, कारण त्या वेळी दुसरे कोणीतरी डबा करत असते, आजोबांना औषध देत असते. म्हणून ऑक्टोबरमध्येच दिनदर्शिका समोर ठेवून सगळ्यांनी बसावे. लग्ने, परीक्षा, बारशी आधी लिहावीत. मग उरलेल्या रविवारांतून मोसमाची एकच मोठी शर्यत निवडावी. शर्यतीची फी, टायर, प्रवास यांचा खर्चही त्याच दिवशी उघडपणे मांडावा.

आणि परतफेड करावी. शनिवारची सकाळ सायकलची असेल तर रविवारची सकाळ जोडीदाराची. त्या वेळेत तिने मैत्रिणींकडे जावे, नुसते झोपावे, नाहीतर स्वतः सायकल काढावी. नवऱ्याच्या सरावासाठी घर पहाटे उठते. तिच्या सरावासाठी कोण उठते, हा प्रश्न प्रत्येक घराने एकदा स्वतःला विचारायला हवा. पोहे आणि डबा तिच्याशिवायही होऊ शकतात.

पहाटेचा रस्ता

नवा रायपूरचे रुंद रस्ते सरावाला चांगले आहेत, पण रिकाम्या रस्त्यावर गाड्याही वेगात येतात. जी. ई. रोडवर रात्रभर ट्रक असतात. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि चमकणारे जॅकेट हवेच. धुके दाट असेल तर अर्धा तास थांबा. थंडीत हवा खाली दाबली जाते, त्यामुळे उरला-सिलतरासारख्या कारखान्यांच्या भागात धूरही खालीच राहतो. तिथे जोराचा सराव टाळा. निघताना कुठे जातोय आणि कधी परत येणार हे फोनवर लिहून ठेवा. घरी वाट पाहणाऱ्याला तेवढा दिलासा पुरतो.

खिशात केळे, शेंगदाण्याची चिक्की किंवा मुर्रा लाडू ठेवा. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी तितकेच लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या.

न गेलेली शर्यत

सर्वात अवघड निर्णय घाटात घ्यावा लागत नाही, तो घरी घ्यावा लागतो. फी भरली आहे, गाडी ठरली आहे, आणि आदल्या रात्री मुलाला ताप चढतो. जोडीदार म्हणते, “तुम्ही जा, मी बघते.” ती मनापासून म्हणत असते. तरीही त्या रात्री तिच्या आवाजात काय आहे ते ऐकायला हवे. कधी तो आवाज खरेच “जा” म्हणतो. कधी नाही.

शर्यत पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येते. फी बुडते, चार दिवस चुटपुट लागते आणि मग तीही जाते. पण तापात उशाशी कोण बसले होते हे मुलाच्या लक्षात राहते.

ताप उतरल्यावर एखाद्या संध्याकाळी त्याला घेऊन तेलीबांधा तलावावर जा. तुमची महागडी सायकल घरीच राहू द्या. त्याच्या छोट्या सायकलच्या मागे सीट धरून धावा आणि तो म्हणेल तेव्हा हात सोडा. त्या दिवसाचा सराव तेवढाच, आणि तो पुरेसा आहे.